तलावाचे वाटेकरी

वैनगंगेच्या खोऱ्यात, विशेषतः भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांत, नवख्या माणसाने गावच्या तलावाची चौकशी केली असता 'हा मामा तलाव' असे उत्तर मिळते, आणि ते ऐकून ज्याच्या मनात आजोळची, आमराईची आणि उन्हाळ्याच्या सुटीची चित्रे उभी राहत नाहीत असा मराठी माणूस विरळाच. माझ्याही मनात ती उभी राहिली होती. पुढे एका दफ्तरात तलावांची यादी चाळताना त्या मामाचा उलगडा झाला: 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन कोणा कारकुनाने आपले श्रम वाचवले, आणि त्या काटकसरीतून पूर्व विदर्भातील सहा-सात हजार जलाशयांना एक नाते चिकटले. नाते लाडाचे खरे. पण मामाच्या घरी भाच्याचे लाड होतात, वाटणीत त्याचे नाव नसते, ही गोष्ट त्या कारकुनाच्या ध्यानात नसावी. पुढील पृष्ठांत ज्या तलावांची हकीकत यायची आहे, त्यांचा सगळा तंटा लाड आणि वाटणी यांमधल्या या फरकाभोवतीच घोटाळत राहिला आहे.

हा प्रदेश धानाचा. पाऊस येथे देशावरच्या मानाने उदंड. परंतु तो चार महिन्यांत, आणि त्यातही मोजक्या काही दिवसांत, कोसळून चुलबंदीच्या, गाढवीच्या आणि वाघनदीच्या वाटेने वैनगंगेला मिळून निघून जातो. आणि आश्विनात, धान निसवायला लागला असता, बांधीत पाणी उभे राहिले नाही तर लोंबी पोचट राहण्याची जेव्हा धास्ती असते, नेमका तेव्हाच तो पाठ फिरवतो. हस्ताचा पाऊस हुकणे म्हणजे काय, हे येथल्या शेतकऱ्याला पंचांग न उघडता समजते. म्हणून टेकड्यांच्या पायथ्याशी, जेथे दोन चढांमधली जमीन थोडी आवळून आली आहे अशा ठिकाणी, मातीची पाळ घालून श्रावणातले पाणी आश्विनासाठी अडवून ठेवण्याची विद्या येथे शतकानुशतके रुजली. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या तलावात, त्याचा त्याखालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, आणि बोडीचा अखेर धानाच्या बांध्यांत, अशी ही पाण्याची उतरंड असते. एकाचा सांडवा हाच दुसऱ्याचा येवा. त्यामुळे वरच्या गावाने रान तोडले की खालच्या गावाचा तलाव गाळाने भरतो, आणि खालच्या गावाने वरच्याशी बोलणे टाकले तर त्याला कोरडे राहावे लागते. पाणलोट हा शब्द सरकारी परिपत्रकांत फार अलीकडे आला. परंतु त्याचा अर्थ येथील माणसे सोयरिकी जुळवतानाही विसरत नव्हती.

या तलावांच्या पोटात 'तुडुम' नावाची एक योजना असते, आणि तिची ओळख येथेच करून देणे इष्ट, कारण पुढे ती पुन्हा लागणार आहे. पाळीच्या आतल्या अंगाला, पायरी-पायरीने खाली उतरत गेलेली भोके, आणि प्रत्येक भोकाला ठोकून बसवलेले लाकडी बूच, हा तुडुमाचा ढोबळ आकार. तलाव भरलेला असताना सर्वांत वरचे बूच काढायचे. पाणी त्या भोकाच्या खाली गेले की त्याखालचे. त्यामुळे पाणी नेहमी वरच्या थरातले निघते, त्याचा जोर माफक राहतो, आणि तळाचा गाळ पाटात वाहून येत नाही. बूच काढायला मात्र माणसाला स्वतः पाण्यात उतरावे लागते, ते काठावर बसून होण्यासारखे काम नव्हे. एका गावी ज्येष्ठात, तलावाचा तळ भेगाळलेला असताना, एक वृद्ध कोहळी पाटील मला हाताला धरून त्या तळात घेऊन गेले. वरून तिसऱ्या भोकावर बोट टेकवून ते म्हणाले, "येथवर पाणी आलं ना, की मग मालगुजाराचंही चालत नव्हतं. याच्या खालचं पाणी ढोराचं अन् मासळीचं. ढिवराला विचारल्याबिगर हे बूच निघत नव्हतं." कागदावर न लिहिलेला, दगडात कोरून ठेवलेला हा करार मी त्या दिवशी प्रथम पाहिला. भोकाची कड बोटांच्या घर्षणाने गुळगुळीत झाली होती.

या करारातील पक्ष कोण, हे सांगायचे तर थोडे मागे जावे लागते. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांपैकी हीरशाह याच्याविषयी अशी परंपरा सांगतात की, जो रान तोडून वस्ती करील त्याला ती जमीन, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन इनाम, असा त्याने हुकूम काढला. अशा इनामाला तुकूम म्हणत, आणि चंद्रपूर शहरात तुकूम या नावाची वस्ती आजही आहे. तेथून रोज जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या शब्दात एक सबंध जलनीती दडली आहे हे ठाऊक असेल, कोण जाणे. तलाव बांधण्यात ज्यांनी नाव मिळवले ते कोहळी. काशीयात्रेस गेलेल्या गोंड राजाने त्यांची करामत पाहून त्यांना आपल्या मुलखात आणले अशी त्यांची आख्यायिका आहे, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मध्यप्रांतातील जातिजमातींची माहिती संकलित करणाऱ्या रसेल या इंग्रज अधिकाऱ्यानेही ती नोंदवून ठेवली आहे. नवेगावचा विस्तीर्ण बांध कोलू पाटील कोहळ्याने घातला, आणि भोवतालच्या सात टेकड्या, ज्यांना लोक सात बहिणी म्हणतात, त्या कामी त्याच्या साहाय्याला आल्या, ही कथाही अशीच घरोघर सांगितली जाते. मला या कथेतील बहिणींचा भाग इतिहासाहून अधिक विचार करण्याजोगा वाटतो. पाळ कितीही भक्कम घाला, भोवतालच्या टेकड्यांनी साथ दिली तरच पाणी ठरते, हे जलविज्ञान कोणा अनाम माणसाने सात बहिणींच्या रूपाने मुलाबाळांच्या कानी घातले.

टेकड्यांवरचे रान गोंडांचे. मोह, तेंदू, साजा, बांबू यांच्या त्या रानावर तलावाचा येवा अवलंबून. पाळ आणि पाट कोहळ्यांचे, आणि त्यांच्याबरोबर पोवार, कुणबी इत्यादी शेतकऱ्यांचे. पाणी उभे असेपर्यंत त्यातली मासळी, कमळकंद आणि शिंगाडा मासेमारी करणाऱ्या ढिवरांचा. तळ उघडा पडला की त्यावर चरणारी जनावरे सबंध गावाची. या सर्वांवर मालगुजार. भोसल्यांच्या अमदानीत गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा हा माणूस. इंग्रजांनी 1861 साली मध्यप्रांत निर्माण करून जमीनमहसुलाचा बंदोबस्त केला, तेव्हा वसूल भरणारा होता त्याला गावाचा मालक ठरवून टाकले. मात्र त्याच बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांनी गावोगावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज या नावाच्या कागदात नमूद करून ठेवल्या: कोणत्या तलावाचे पाणी कोणत्या शेतास, रयतेने पाळीच्या डागडुजीला किती माणसे द्यावी, रानातून निस्तारासाठी, म्हणजे घरगुती गरजेसाठी, लाकूड-गवत कोणी न्यावे. असा एक कागद मी पाहिला आहे. पिवळा पडलेला, कडा वाळवीने कुरतडलेल्या, मोडी वळणाच्या हाताने लिहिलेले बाळबोध अक्षर, आणि वाक्यावाक्यातून डोकावणारे 'बमोजिब', 'दस्तूर', 'हरकत नाही' असे शब्द. पाण्यावरचा हक्क आणि पाळीवरची मेहनत ही दोन्ही त्या कागदात एकाच वाक्यात येत होती, मध्ये पूर्णविराम नव्हता. मला ते वाक्य फार सुंदर वाटले, आणि बंदोबस्ताच्या कारकुनाला सुंदर वाक्य लिहिण्याचे वेतन मिळत नसते, हेही ठाऊक होते.

परंतु येथे सावध व्हायला हवे. जुन्या गावगाड्याचे वर्णन करू लागले की लेखणी आपोआप मवाळ होते, आणि वाचकाला वाटू लागते की त्या काळी पाळीवर सगळे हसतखेळत माती टाकत होते. तसे नव्हते. पाळीवरची मेहनत पुष्कळ ठिकाणी निखळ वेठ होती. मालगुजाराच्या उसाला पाणी आधी आणि गरिबाच्या धानाला मागाहून, हा क्रम वाजिब-उल-अर्जात लिहिलेला नसला तरी पाटात दिसत असे. ढिवरांना पाणी मिळाले ते त्यांना जमीन मिळाली नाही म्हणून, आणि गोंडांचे रान त्यांच्या डोळ्यांदेखत राखीव होत गेले. तिसऱ्या भोकाचा मान राखणारे गाव त्याच ढिवराला आपल्या विहिरीवर किती मानाने वागवत होते, हा प्रश्न मी त्या पाटलांना विचारला नाही, आणि तो न विचारल्याची रुखरुख मला आजही आहे. सारांश, ही भागीदारी समानांची नव्हती. तरीही ती भागीदारी होती, कारण तिच्यात प्रत्येकाच्या नावावर काही तरी होते, आणि ते नाव पुसायचे तर गावात तकरार उभी राहत होती.

ते नाव पुसले गेले ते मात्र विनातकरार. मध्यप्रदेश सरकारने 1950 साली मालकी हक्क नष्ट करण्याचा कायदा केला, आणि 31 मार्च 1951 रोजी मालगुजारी संपून रान, पडीत, तलाव ही सर्व सरकारजमा झाली. कायदा न्याय्य होता, मालगुजारांचा कंठ दाटून आला असेल तर तो दाटू द्यावा. पण मालगुजाराकडून तलाव घेताना सरकारने तलावाभोवतीची माणसेही आपोआप मोकळी केली, आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही. शेतकरी म्हणू लागला, वाजिब-उल-अर्जाप्रमाणे पाणी आम्हांस फुकट. सरकार म्हणू लागले, तलाव आमचा तर पाणीपट्टी आमची. पाणीपट्टी भरायची तर पाळीवर माती आम्ही का टाकावी, असे शेतकऱ्याने विचारले, आणि तर्काच्या दृष्टीने त्याला उत्तर नव्हते. 1956 साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, आणि लहान तलाव त्यांच्याकडे व मोठे पाटबंधारे खात्याकडे अशी वाटणी झाली. दप्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत असताना तलाव मात्र जागच्या जागी गाळाने भरत राहिले. वीस-पंचवीस पावसाळ्यांनी पाळींवर झुडपे वाढली, आणि गाळपेरात अतिक्रमणे झाली. पाण्याच्या कडेला बेशरम नावाची, गुलाबी-जांभळ्या फुलांची वनस्पती पसरली; कापली तरी उगवते, उपटून फेकली तरी फेकल्या जागी रुजते, तिचे नाव ठेवणाऱ्याला वनस्पतिशास्त्राचे पदक द्यायला हरकत नाही.

मासळीची गोष्ट थोडी वेगळी, आणि ती विस्ताराने सांगण्यासारखी आहे. तलाव सरकारी झाल्यावर ढिवरांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या आणि त्यांना मासेमारीचा ठेका मिळू लागला. उत्पन्न वाढावे म्हणून कटला, रोहू, मृगळ या वाहत्या नद्यांतल्या मोठ्या माशांचे बीज तलावांत सोडण्याची प्रथा पडली. हे मासे वजनाला भारी. परंतु साचलेल्या पाण्यात ते वीत नाहीत, म्हणून दरवर्षी बीज विकत आणावे लागते. उलट मरळ आणि तलावातली इतर लहान मासळी पाणवनस्पतींच्या आडोशाने, कोणाचे एक पैसाही कर्ज न काढता, वर्षानुवर्षे वाढत आलेली. तिच्याकडे उत्पन्न म्हणून कोणी पाहिले नाही, कारण ती बाजारात जाण्याआधी ढिवराच्या चुलीवर जात होती. पुढे गवत खाणारा परदेशी मासा आला, त्याने पाणवनस्पती फस्त केल्या. मग गाळ काढण्याची यंत्रे आली. 2017 साली 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना निघाली. हेतू चांगला, गाळ शेतात पडला तर शेत सुधारते हेही खरे. पण यंत्राच्या पंज्याला गाळ आणि तलावाचे पोट यांतला फरक कळत नाही. जेथे तो खोल गेला तेथे वरच्या मातीबरोबर कंद, मुळे, बी असे सारे ट्रॉलीत भरून निघून गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात तलाव हौदासारखा स्वच्छ व निष्प्राण भरला. मासळी का गेली, याचे उत्तर ढिवरांच्या बायांना ठाऊक होते. कोणी विचारायला गेले तेव्हा त्यांनी ते सांगितले.

विचारायला गेले ते भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे कार्यकर्ते. या मंडळाने ढिवरांच्या संस्थांबरोबर बसून कोणत्या तलावात कोणती वनस्पती होती, कोणती मासळी कोणत्या वनस्पतीत अंडी घालते, याच्या नोंदी केल्या, आणि मग जे केले ते दिसायला अगदी साधे: उन्हाळ्यात तळातली बेशरम समूळ उपटणे, कडक झालेला तळ नांगरणे, आणि पावसाळ्यात, पाणी गुडघाभर असताना, ज्या तलावात वनस्पती जिवंत आहेत तेथून त्या आणून येथे लावणे. मी हे काम पाहिले आहे. गुडघाभर पाण्यात ओळीने वाकलेल्या बाया, खांद्याला टोपली, आणि मूठभर रोप मातीच्या गोळ्यात घालून तळात खोचण्याची ती रीत. लांबून पाहणाऱ्याला रोवणीच चालली आहे असे वाटावे. बांधावरून जाणाऱ्या एका शेतकऱ्याने खरोखरच विचारले, "कोणता धान हो बाई?" आणि सगळ्याजणी हसल्या. त्यांच्यातल्या एका आजींना मी विचारले की हा तलाव कोणाचा. कंबर सरळ न करताच त्या म्हणाल्या, "भरला तं सरकारचा, आटला तं आमचा." राबायला तलाव त्यांचा, पण संस्थेच्या सभासदपटावर बहुधा त्यांच्या नवऱ्याचे नाव असते, त्यांचे नव्हे.

येथे कायद्याचा विचार टाळता येत नाही. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत वाजिब-उल-अर्ज हा शब्द अजून शाबूत आहे, आणि त्या नोंदीत सिंचनाच्या व मासेमारीच्या वहिवाटी लिहाव्यात असेही तेथे सांगितले आहे. मात्र सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीच्या वा ताब्यातील पाण्याखेरीज, अशी मेख मारून ठेवली आहे. तलाव तर आधीच सरकारचा झालेला, म्हणून ती नोंद जन्मतःच निरर्थक ठरली. 1996 चा पेसा कायदा लहान जलाशयांचे नियोजन पंचायतींकडे सोपवतो, पण तो अनुसूचित क्षेत्रापुरता. गडचिरोलीतील गोंड गावांना त्याचा आधार आहे, गोंदिया-भंडाऱ्यातील गोंड गावांना नाही. राहिला 2006 चा वनहक्क कायदा. त्यात निस्तार हा शब्द आहे, मालगुजारी-जमीनदारीसारख्या मध्यस्थ व्यवस्थांतल्या वहिवाटी मान्य केल्या आहेत, जलाशयातील मासळीवरचा सामूहिक हक्क आहे, आणि ग्रामसभेने लगतचा पाणलोट व पाण्याचे साठे राखावेत असा अधिकारही आहे. ज्या दिवशी हा कायदा झाला त्या दिवशी दफ्तरखान्यात वाळवीच्या ताब्यात गेलेले वाजिब-उल-अर्जाचे कागद आणि निस्ताराची पत्रके अचानक पुराव्याची कागदपत्रे ठरली. इंग्रजांच्या बंदोबस्ताने फारशी शब्दांत लिहिलेला कागद, गोंडांच्या ग्रामसभेने स्वतंत्र भारताच्या कायद्याखाली दावे तपासणाऱ्या समितीपुढे ठेवावा, यात इतिहासाचा काही खोडकरपणा आहे.

ढिवरांची वाट या कायद्यातही अवघडच. महाराष्ट्राच्या याद्यांत ते भटक्या जमातींत गणले जातात, अनुसूचित जमातींत नव्हे. म्हणून त्यांना 'इतर पारंपरिक वननिवासी' या सदराखाली तीन पिढ्यांचा, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा, रहिवास सिद्ध करावा लागतो. शिवाय तलाव वनजमिनीत नसला तर हा कायदा त्याला शिवतही नाही. ज्यांच्या आडनावापासून जाळ्यापर्यंत सर्व काही पाण्याचे, त्यांनी जंगलाचा कायदा शोधावा, ही आपल्या विधिनिर्मितीची तऱ्हा. पाणलोट एक, त्यातले रान एका खात्याचे, पाळ दुसऱ्याचे, मासळी तिसऱ्याचे, आणि गाळ ज्या वर्षी जी योजना असेल तिचा.

अलीकडे या सगळ्यावर 'लोकसहभाग' हा उतारा सुचवला जातो. शब्द गोड आहे. पण सहभाग आणि भाग यांत अंतर आहे. लग्नात सहभागी सगळेच होतात, घर वाटताना भागीदार किती हे मोजून घेतात. पाळीवर श्रमदानाला बोलावणे, छायाचित्र काढणे आणि मासेमारीचा ठेका त्याच महिन्यात लिलावात काढणे, असे प्रकार मी पाहिले आहेत. गावाचे नाव घेत नाही, कारण ते गाव एकच नाही. पुढील प्रकरणांत जी गावे येतील त्यांपैकी जेथे काही टिकले तेथे कोणी ना कोणी आधी कागद मागितला आणि मग कुदळ उचलली. हा क्रम लक्षात ठेवून ती प्रकरणे वाचावीत, एवढीच वाचकांना विनंती.

दोन गोष्टींचा खुलासा राहिला. मासळीची व पाणवनस्पतींची नावे या भागातल्या झाडीबोलीतच ठेवली आहेत. एकाच मासळीला पाळीच्या या टोकाला एक नाव आणि त्या टोकाला दुसरे, असे आढळले तेथे दोन्ही दिली आहेत. दोन आज्यांमध्ये निवाडा करण्याचे धाडस मला झाले नाही. दुसरी गोष्ट त्या तुडुमाची. तो आता वापरात नाही. त्याच्या शेजारी सिमेंटचा मनोरा आणि लोखंडी दार बसले आहे, दाराला एकच तोंड, तेही अगदी तळाशी, आणि ते फिरवण्याची चावी तालुक्याला असते. निरोप घेताना पाटलांनी विचारले, पुस्तकात चित्रे असणार का. असणार, मी म्हणालो. "मग तिसरं भोक दाखवा," ते म्हणाले, "नुसतं वरचं नको." त्याची आकृती पहिल्या प्रकरणाच्या आरंभी दिली आहे, आणि त्या भोकाशेजारी त्यांचे बोटही आले आहे.